मदत हवी आहे: झूम मध्येच तुटतं, शनिवारी पाहुण्या बोलणार आहेत

गोरेगाव_पूर्व:
नमस्कार. आमच्या महिला गटाची दर महिन्याला ऑनलाइन बैठक असते, कुणीतरी पाहुणे येऊन बोलतात. झूम मध्येच तुटतं. परत सगळ्यांना आत घेईपर्यंत पाहुण्यांची लिंक तुटते आणि आमचीही. या शनिवारी वकीलबाई येणार आहेत, त्यांच्यासमोर शोभा नको. पैसे न भरता काय करता येईल? निमंत्रण आज रात्रीच पाठवायचंय, तेव्हा प्लीज लवकर सांगा.

नेटके_नाना:
तुटतं म्हणजे नेमकं काय होतं? नेट जातं, की ठरावीक वेळेला बंद पडतं? किती जणी असता? मोबाइल की लॅपटॉप?

गोरेगाव_पूर्व:
४० मिनिटांनी बंद पडतं. फुकटचं खातं आहे हे वेगळं सांगायला हवं का? तीस-पस्तीस जणी. त्या मोबाइलवर, मी लॅपटॉपवर.

खिडकीतली_सीट:
गूगल मीट घ्या. तिथे फुकटात ६० मिनिटं मिळतात. विषय संपला.

मुक्तछंदी:
मीट काय आणि झूम काय, एकाच माळेचे मणी. जित्सी वापरा. मुक्त सॉफ्टवेअर आहे, वेळेचं बंधन नाही, सदस्यांना ॲप डाउनलोड करायला नको, खातं उघडायला नको. लिंक दाबली की आत. लोक हे का वापरत नाहीत मला कळत नाही.

खिडकीतली_सीट:
वापरून बघितलंय म्हणून वापरत नाहीत. आमच्या सोसायटीची सभा जित्सीवर घेतली होती. स्वस्तातल्या मोबाइलवरून वीसेक लोक आले आणि सेक्रेटरींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आणि खातं नको हे अर्धसत्य आहे, २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्याला लॉगिन करावंच लागतं.

मुक्तछंदी:
एकानेच करायचं असतं ते. आणि सगळ्यांचे व्हिडिओ बंद ठेवले असतेत तर आवाज नीट आला असता. वापरणाऱ्याला येत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला.

डोंबिवली_फास्ट:
व्हॉट्सॲप कॉल का नको? सगळ्यांकडे असतंच.

नेटके_नाना:
व्हॉट्सॲपवर ३२ जण मावतात, यांच्या पस्तीस आहेत. शिवाय सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात.

यशस्वी_भव:
ताई, छोटा विचार करू नका. यूट्यूबवर लाइव्ह करा, हजारो महिलांपर्यंत पोहोचाल. चॅनलवर लाइव्ह पहिल्यांदा चालू करताना २४ तास थांबावं लागतं, म्हणून आजच करून ठेवा. थंबनेल मी बनवून देईन.

गोरेगाव_पूर्व:
हजारोंनी बघावं असा कार्यक्रमच नाही हा. विषय घरातल्या मारहाणीचा आहे. बायका स्वतःचं सांगतात, त्यातल्या निम्म्या घरकामाला जातात. थंबनेल नको.

नेटके_नाना:
अहो, मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! प्रश्न ४० मिनिटांचा राहिलाच नाही. आत कोण येतंय हा प्रश्न आहे. वेटिंग रूम लावता का, म्हणजे तुम्ही आत घेईपर्यंत येणारे बाहेर थांबतात ते?

गोरेगाव_पूर्व:
लावते ना, तिथेच तर वेळ जातो. दारात नावं काय दिसतात बघा: ‘रेडमी’, ‘पप्पा’, ‘आर्यन ५ वी ब’ (मुलाच्या ऑनलाइन शाळेपासून तेच नाव राहिलंय), नुसतंच ‘आयफोन’. यातली कोण आपली हे ओळखायचं कसं? मागच्या वेळी ‘पप्पा’ला आत घेतलं तर खरंच पप्पाच निघाले. “कसली मीटिंग आहे?” म्हणून ओरडायला लागले. ती बाई त्यानंतर आलेली नाही. आणि ४० मिनिटांनी तुटलं की ही ओळखपरेड पुन्हा पहिल्यापासून.

जुना_गिरणगाव:
यासाठीच म्हणतो, प्रत्यक्ष भेटा. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे. कुठली लिंक होती तेव्हा? तुम्ही तर पाणीवाल्या बाईंच्या, म्हणजे मृणालताईंच्याच गोरेगावच्या. रविवारी एखादी शाळा मागा, सतरंजी टाका आणि बसा.

गोरेगाव_पूर्व:
काका, आमच्या सदस्या नालासोपारा, बदलापूर, पनवेल अशा पसरल्या आहेत. लग्न होऊन किंवा घर परवडेना म्हणून लांब गेल्या. रविवारी मेगाब्लॉक. आणि रविवारी नवरा घरी असताना “मी जरा जाऊन येते” म्हणायचं, तर कुठे ते सांगावं लागतं. शनिवारी रात्री ९ ला जेवणं आटोपली की गॅलरीत, जिन्यात, कुठेतरी कोपरा मिळतो. दोघीतिघी त्या वेळी परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात असतात.

डोंबिवली_फास्ट:
मेगाब्लॉकचं नाव काढलंत म्हणून सांगतो, या रविवारी आमच्याकडे...

(मेगाब्लॉकवरचे सहा प्रतिसाद ‘मुंबई लोकल’ धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

बचतगट_ताई:
मी बचत गटांच्या बैठका घेते, आमच्याकडेही हेच व्हायचं. काय करतो ते सांगते. पाच-सहा जणींमागे एक ताई. बैठकीआधी अर्धा तास ती आपल्या बायकांना फोन करते: कुठल्या फोनवरून येणार, नाव काय दिसेल, जवळ कोण आहे. ती यादी होस्टकडे, म्हणजे बैठक चालवणारीकडे. यादीत नाही तो बाहेर. संशय आला तर त्या ताईने लगेच फोन लावायचा, तोवर दार बंद. आत आल्यावर होस्ट नाव बदलून देऊ शकते, ‘पप्पा’ला पहिलं काम तेच.

दुसरं, निमंत्रणात विषय लिहूच नका. बायकांचा फोन घरात कुणीही उघडतं. आम्ही ‘हळदीकुंकू नियोजन’ असं लिहितो.

स्पष्टवक्ती:
महिलांच्या हक्कांचा गट आणि नाव हळदीकुंकू? ज्या प्रथेत विधवांना दाराबाहेर ठेवतात तिचंच नाव?

बचतगट_ताई:
आमच्याकडे विधवांनाही बोलावतात आणि ओटी भरतात. आणि ते नाव नवऱ्याने वाचावं म्हणून आहे, आपण मिरवावं म्हणून नाही.

शेंगदाणा_लाडू:
तत्त्वाचं राहू द्या, व्यवहाराचं बोला. हळदीकुंकू संक्रांतीला, फार तर चैत्रात. ऐन पावसाळ्यात त्याचं नियोजन बघून नवऱ्याला संशय येणारच. ‘भिशी’ लिहा. भिशी बारा महिने असते.

स्पष्टवक्ती:
भिशी म्हटलं की नवरा पैसे कुठे आहेत विचारणार.

गोरेगाव_पूर्व:
‘भिशी’ चालेल. त्यांना सवय आहे.

काळा_कोट:
विषय कौटुंबिक हिंसाचाराचा असल्याने थोडक्यात: २००५ चा कायदा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टात जाणाऱ्याला माहीत. कलम १७ म्हणजे राहत्या घरात राहण्याचा हक्क. तक्रार कुणाविरुद्ध, याच्या व्याख्येत पूर्वी ‘सज्ञान पुरुष’ असे शब्द होते, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते काढले; सासू-नणंदेविरुद्धही तक्रार करता येते. पुढे कलम १८...

गोरेगाव_पूर्व:
सर, हे शनिवारी ऐकणारच आहोत. मला लिंकचं सांगा हो.

बचतगट_ताई:
कलमांवरून आठवलं. वकीलबाईंना आधीच सांगा, पीपीटी नको. पाच इंचांच्या स्क्रीनवर अक्षर दिसत नाही आणि डेटा संपतो. आमच्याकडे एका पाहुण्यांनी कलमं वाचून दाखवली, बायका मान डोलवत राहिल्या. शेवटी एकीने विचारलं, “चौकीत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं?” तिथून पुढे खरं भाषण झालं. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केल्यावर पलीकडून काय विचारतात, महापालिकेच्या रुग्णालयात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र असतं तिथे कोण भेटतं, हे सांगायला लावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तर आमच्या निम्म्या जणींना माहीतच नव्हतं.

प्रश्न चॅटवर फक्त होस्टला येतील असं सेटिंग करा आणि तुम्ही नाव न घेता वाचा. मग बघा किती येतात.

सत्यमेव_जयते_७७:
आणि पुरुषांवर होणाऱ्या अन्यायाचं काय? त्यांच्यासाठी कुणी झूम लावतं का?

शेंगदाणा_लाडू:
तुम्ही लावा. ४० मिनिटं फुकट आहेत.

नेटके_नाना:
मूळ मुद्द्यावर. वकीलबाईंना विचारलंत का, त्यांचं पैसे भरलेलं खातं आहे का? ऑनलाइन सुनावण्यांमुळे बऱ्याच वकिलांकडे असतं. बैठक त्यांच्या खात्यावरून लावायची, त्यांनी तुम्हाला को-होस्ट, म्हणजे जोडीची होस्ट, करायचं. दार तुमच्या हातात, ४० मिनिटांची भानगड नाही. फुकटच्या खात्यात को-होस्ट करता येत नाही, म्हणून तुम्ही एकट्याच बोलत होतात आणि दारही सांभाळत होतात. नसेल त्यांचं, तर एका महिन्यापुरते पैसे भरा आणि आपोआप नूतनीकरण लगेच बंद करा.

मुक्तछंदी:
म्हणजे शेवटी कंपनीलाच पैसे.

गोरेगाव_पूर्व:
आत्ताच फोन केला. आहे त्यांचं खातं! को-होस्ट करायला तयार आहेत. पण त्यांना रेकॉर्डिंग हवंय, त्यांच्या चॅनलसाठी.

काळा_कोट:
नाही म्हणा. आवाजावरूनही माणूस ओळखतो, आणि यांची प्रकरणं उद्या कोर्टात जाऊ शकतात. भाषण त्यांनी घरी वेगळं रेकॉर्ड करावं. खातं त्यांचं आहे, म्हणून आपोआप रेकॉर्डिंगचं सेटिंग बंद आहे ना, तेही तपासायला सांगा.

गोरेगाव_पूर्व:
सांगितलं, ऐकलं त्यांनी. याद्या करायला चार ताया तयार झाल्या, आणि आत आलेल्या प्रत्येकीने बोलण्याआधी इअरफोन लावायचा असंही ठरलं. निमंत्रण गेलं. नाना, बचतगट ताई, आभार.

अबोली_२:
काळा कोट, एक विचारायचं होतं. घर भाड्याचं असेल आणि करार नवऱ्याच्या नावावर असेल तर ते कलम १७ लागू होतं का? मैत्रिणीसाठी विचारतेय.

काळा_कोट:
होतं. घर मालकीचं की भाड्याचं, नाव कुणाचं, यावर ते अवलंबून नाही. नवऱ्याबरोबर त्या घरात राहत असेल तर कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. भाडेकराराची झेरॉक्स, तिच्या नावाचं गॅसचं पुस्तक किंवा आधारवरचा पत्ता, जे मिळेल ते घराबाहेर कुणाकडे तरी ठेवायला सांगा. फुकट वकिलासाठी १५१०० वर फोन करता येईल.

गोरेगाव_पूर्व:
अबोली, मैत्रिणीला शनिवारी यायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोनवर नाव काय दिसतं तेवढं कळवा.