ज्यू युथ ग्रुपबरोबर मतदार नोंदणीच्या टेबलावर लेकीला पाठवावं का?

जर्सीची_सासुरवाशीण
मंडळी एक विचारायचंय. इथे न्यू जर्सीत लेक अकरावीत आहे, तिची एक मैत्रीण ज्यू आहे आणि ती बीबीवायओ नावाच्या युथ ग्रुपमध्ये जाते. ते लोक रविवारी लायब्ररीबाहेर मतदार नोंदणीचं टेबल लावणारेत, चर्चमधली मुलं आणि मशिदीतली दोघं-तिघं पण आहेत, हिलाही बोलावलंय. नवरा म्हणतो त्यांचा धार्मिक ग्रुप, आपण कशाला मध्ये पडा, उद्या राजकारण निघायचं. त्यात त्यांच्या तत्त्वांत देशभक्ती म्हणे पहिलीच, ते ऐकून मला तर शाखाच आठवली 😀 कुणाला माहितीये का यांच्याबद्दल?

डोंबिवली_टू_डेट्रॉइट
ताई बिनधास्त पाठवा. माझ्या मुलाचे दोन मित्र आहेत त्यात. त्यात मुलांची संघटना एझेडए, ती १९२४ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहात सुरू झाली, कारण तिथल्या हायस्कूलच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या क्लबात, ज्यू पोरांना घेत नव्हते, म्हणून यांनी आपलीच काढली. मुलींची संघटना बीबीजी, १९४४ ची. एझेडएच्या सात तत्त्वांत देशभक्ती पहिली हे खरंय, धर्म दुसरा. पण शाखेसारखं वरून काही येत नाही, चॅप्टरचे, म्हणजे स्थानिक गटाचे, पदाधिकारी पोरं स्वतः मतदान करून निवडतात, त्यासाठी भाषणं ठोकतात, हरलेला आठवडाभर तोंड पाडून फिरतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा हे बरं!

अलिबागचा_पांढरा_कांदा
देशभक्ती पहिल्या नंबरला ठेवावी लागली यातच सगळं आलं. ३ मे १९२४ ला एझेडएची रीतसर स्थापना झाली आणि त्याच महिन्यात २६ तारखेला राष्ट्राध्यक्ष कूलिजने इमिग्रेशन कायद्यावर सही केली, १८९० च्या जनगणनेवर कोटा बांधला, तेव्हा पूर्व युरोपातले लोक इथे थोडेच होते, म्हणजे तिथल्या ज्यूंना दार जवळजवळ बंद, आणि आशियाई लोकांना तर पूर्णच. आपल्या पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंदला त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलेलं. अशा दिवसांत पोरं आम्ही पक्के अमेरिकन म्हणणारच ना. मला त्याचं कौतुकही वाटतं आणि वाईटही वाटतं, शेजाऱ्याला कुणी असं सिद्ध करायला लावत नाही.
आमच्याकडे कोकणात बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, हे कधी करावं लागलं नाही, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून गावात होते ते गावचेच होते. मुंबईतला डॉ. ई. मोझेस रोड तुडवलाय ना, ते मोझेस त्यांच्यातलेच, १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

डोंबिवली_टू_डेट्रॉइट
कांदेराव मान्य, पण पुढचंही सांगा ना. ब्रुकलिनचे ज्यू खासदार इमॅन्युएल सेलर त्या १९२४ च्या कायद्याच्या विरोधात होते ते शेवटपर्यंत हटले नाहीत, १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व मिळालं त्या कायद्याला त्यांचं नाव आहे आणि १९६५ ला कोटाच उडवला त्या कायद्यालाही. आपण जर्सीत पोहे खातोय ते त्यामुळे. आणि १९६४ ला मिसिसिपीत काळ्या लोकांची मतदार नोंदणी करायला गेलेली तीन पोरं मारली, त्यात गुडमन आणि श्वर्नर ज्यू, चेनी तिथलाच काळा मुलगा, वयं २० ते २४. त्यामुळे नोंदणीचं टेबल यांच्यासाठी नुसता टाइमपास नाहीये.

आधी_व्हिसा_मग_गप्पा
इतिहास छान आहे पण ताई, मुलगी सिटिझन आहे का?? ग्रीनकार्ड किंवा डिपेंडंट व्हिसावर असेल तर तिने स्वतःचा फॉर्म चुकूनही भरायचा नाही. मी नागरिक आहे असं खोटं लिहिलं गेलं तर पुढे सिटिझनशिपच काय, देशात राहणंही अवघड होतं, लहान होती म्हणून दरवेळी सोडत नाहीत. सिटिझन असेल तर जर्सीत १७ व्या वर्षी नोंदणी होते, मुख्य निवडणुकीत मत १८ ला. आणि साहेबांना सांगा, अशा करमुक्त संस्थांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, कायदाच आहे तसा.

जर्सीची_सासुरवाशीण
बाप रे, हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं, आम्ही अजून ग्रीनकार्डवरच आहोत! मग ती पाणी-डोनट वाटेल आणि लोकांना टेबलाकडे बोलावेल, पेनला हात लावणार नाही. तिच्या मैत्रिणीच्या आईशी बोलून घेते आजच. नवऱ्याला सेलरचं सांगितलं तर गप्प झाला, आता म्हणतो सोडायला मीच जातो.

अलिबागचा_पांढरा_कांदा
डोनट कसले, थालीपीठ द्या.