रेझिन हळूहळू घट्ट न होता एकदम कसं काय गोठतं?

खाडीकाठचा: जुन्या होडीला घरीच फायबर लावतोय. पॉलिएस्टर रेझिनमधे रिॲक्शनला वेग देणारा कोबाल्ट आधीच मिसळलेला होता, वर हार्डनर घातला, पंधरा मिनिटं मधासारखं मस्त ओघळत होतं, मग जरा चहा घेऊन वळलो तर डब्यात पार खरवस, ब्रश आत उभा! रिॲक्शन तर पहिल्या मिनिटापासून चालू असणार ना? मग घट्टपणा पण हळूहळू वाढायला नको का

पत्रेवाला: हार्डनर जास्त झाला. उन्हाळ्यात एक टक्क्याच्या आसपास ठेवा आणि खोल डब्यात नको, पसरट ट्रेमधे घ्या, डब्यात उष्णता कोंडते. आणि कोबाल्ट नि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो.

साखळीबहाद्दर: ते बरोबर, पण प्रश्न वेगळाय. आधीची काही मिनिटं रेझिनमधला इनहिबिटरच, म्हणजे रिॲक्शन रोखून धरणारं रसायन, हार्डनरचे रॅडिकल (जोडणी सुरू करून देणारे रेणूंचे तुकडे) खाऊन टाकतो, तो संपला की खरी जोडणी सुरू. आता सोयरिकीचं बघा, प्रत्येक घराच्या दोनच सोयरिकी असल्या तर नुसती रांग होते, पण तीन होऊ शकल्या की फाटे फुटतात, आधी चार-चार घरांचे गट, मग गटाला गट, आणि एका क्षणी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गोतावळा. डब्यात तेच, एकच रेणू डबाभर, तो वाहणार कुठे? हा क्षण म्हणजे जेल पॉइंट. पॉल फ्लोरी या रसायनशास्त्रज्ञाने 1941 मधे गणित मांडलं, तीन हातांचे एकसारखे रेणू असतील तर निम्मे हात जोडले गेले की बास. तुमच्या रेझिनच्या एकेका साखळीवर जोडायच्या जागा बऱ्याच असतात, त्यामुळे फारच थोडी रिॲक्शन झाली तरी जेल, बाकीची नंतर चालूच राहते, म्हणून तर डबा त्यानंतर जास्त तापतो.

खाडीकाठचा: अच्छा म्हणजे खरवस झाला तेव्हा बरंचसं सुटंच होतं? मग स्टायरीन घालून पातळ होईल का परत, अर्धा डबा आहे हो

साखळीबहाद्दर: नाही, फुगेल फक्त. चायना ग्रास तापवलं की वितळतं कारण तिथे साखळ्या नुसत्या एकमेकींना बिलगलेल्या असतात, इथे पक्के बंध झालेत.

पत्रेवाला: डबा बाहेर उघड्यावर ठेवा थंड होईपर्यंत. ब्रश पण त्यातच राहू दे आता.