खाऱ्या बोअरचं पाणी, धड ना सरळ धड ना कुरळे केस, महिन्याचे दीडशे रुपये. शाम्पू कोणता घेऊ?

कपाशीवाली (दर्यापूर तालुका):

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहून राहिली इथं, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

वय 27. गाव ऐन खारपाणपट्ट्यात, जमिनीतलं पाणीच खारं. तालुक्याला एका कृषी केंद्रात बिलं फाडते. केस अर्ध्या पाठीपर्यंत, दाट, धड सरळ नाहीत अन् धड कुरळेही नाहीत. धुतल्यावर तासभर बरे दिसतात, मग जे फुलतात ते गोठ्यातल्या कुटारासारखे. स्कार्फ सोडला की दुकानातला पोऱ्या म्हणते, "ताई, वारं होतं काय रस्त्यानं?" वारं कुठचं आलं.

घरात पाणी दोन प्रकारचं. नळाचं गोड पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येते, ते गुंडात भरून प्यायला अन् वरणाला, कारण बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. पाणी तापवायच्या रॉडवर खडूसारखा थर चढते, तो मी सुरीनं खरवडते. साबणाला फेस येत नाही, उलट केसांना मेणचटासारखं काही धरते अन् वाळल्यावर कंगव्यात पांढरं पीठ निघते.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. दहावीपर्यंत आईनं अंगाच्याच साबणानं डोकं धुतलं, वर चपचप तेल अन् दोन वेण्या. कॉलेजात रुपयाची पुडी. मागच्या वर्षी मैत्रिणीनं मोबाइलवर पाहून सल्फेट-फ्री शाम्पू घ्यायला लावला. 200 मिलीचे 449 रुपये! बोअरच्या पाण्यात त्याला फेसच नाही, तीन-तीनदा लावला, महिन्याभरात बाटली रिकामी. तेव्हापासून घरात "449" म्हटलं की भाऊ हसते. पार्लरमध्ये स्मूदनिंगचे, म्हणजे केमिकल लावून केस सरळ करायचे, साडेतीन हजार सांगितले, तिथूनच परत फिरली.

तर माझे केस नेमके कोणत्या प्रकारचे? बाटली घ्यावी की पुडी? अन् आई म्हणते, खाऱ्या पाण्यानंच टक्कल पडते. 2025 च्या जानेवारीत शेगावकडच्या गावांमध्ये लोकांचे केस गेले तेव्हापासून तिनं हे धरूनच ठेवलं आहे. खरं काय?

पार्लरवाली मावशी (मूर्तिजापूर):

पोरी, स्मूदनिंग नाही केलं ते बरं केलं. माझा धंदा आहे, मी करून देते, तरी सांगते. मुळातून नवे केस येतात ते जुन्यासारखेच, अन् सहा महिन्यांनी वरून लाटा, खालून सुतळी. मग पुन्हा ये, पुन्हा पैसे दे. दीडशेच्या बजेटवालीनं त्या वाटेला जाऊच नये.

केसांचा प्रकार घरीच समजते. एक दिवस शाम्पूनं धू, तेल नको, काहीच नको. टॉवेलनं घासू नको, कंगवा लावू नको, पंख्याखाली बसू नको. आपोआप वाळू दे. वाळल्यावर सरळ लोंबले तर सरळ, इंग्रजी एस सारखे वळले तर लाटदार, बोटाभोवती गुंडाळल्यासारखे झाले तर कुरळे. तू जे सांगून राहिली त्यावरून तुझे लाटदारच असतील. आपल्याकडं पुष्कळ बायांचे तसेच असतात, पण लहानपणापासून तेल लावून करकचून वेणी घातल्यानं कोणाला कळतच नाही. कोरडा कंगवा फिरवला की लाट मोडते अन् कुटार होते. एवढंच.

दुसरं पाहायचं ते डोक्याची चामडी. केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा टाळूवर दाबून धर. तेलाचा डाग पडला तर चामडी तेलकट. शाम्पू चामडी पाहून घ्यायचा अन् कंडिशनर केस पाहून. लोक उलटं करतात, कोरड्या केसांचा शाम्पू तेलकट टाळूला चोपडतात अन् मग म्हणतात कोंडा झाला.

तिसरं, एक केस दोन बोटांत धर. हाताला लागलाच नाही तर बारीक, शिवायच्या दोऱ्यासारखा लागला तर जाड. बारीक केसांना जड तेल अन् जड क्रीम चालत नाही, चिपकतात. ग्लासात केस टाकून बुडते का पाहायची टेस्ट मोबाइलवर दाखवतात ती सोड. केसावर जराही तेल असलं की तो तरंगतेच.

अन् जवस आहे ना घरी? चटणीला ठेवतो तोच. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात उकळव, सारखं हलवत राहा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की लगेच गाळ, थंड झालं तर गाळल्या जात नाही. जुनी सुती ओढणी घे अन् पिळ. ओल्या केसांना हे लावून मुठीत चुरगाळून सोडून दे. शहरात याचेच डबीभर शे-दोनशे घेतात.

एमएस्सी केमिस्ट्री (अकोला):

कपाशीवाली ताई, तुमच्या दुकानात रोज होणारं बोलणं आठवा. शेतकरी येऊन म्हणतो, अमुक नावाचं औषध द्या. तुम्ही काय सांगता? नाव नका पाहू, टेक्निकल, म्हणजे आतलं मूळ रसायन, पाहा. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के एसएल एकच, नावं पन्नास. शाम्पूचंही तसंच आहे, फक्त त्याचं टेक्निकल बाटलीच्या मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. समोरचा कांदा, केशर, बदाम हे सगळं लेबल.

साबणाचं काय होतं ते आधी. साबण म्हणजे चरबीच्या आम्लाचा क्षार. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा चिकट गाळ तयार होतो. तुमच्या कंगव्यातलं पांढरं पीठ तेच. कितीही चोळा, आधी कॅल्शियम संपेपर्यंत फेस येणार नाही. त्यात साबण अल्कधर्मी, त्यानं केसांवरचे खवले उघडे पडतात आणि केस एकमेकांत अडकतात. म्हणून अंगाचा साबण डोक्याला अजिबात नको.

शाम्पूतलं मुख्य टेक्निकल बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट. ते जड पाण्यात असा गाळ धरत नाही. जोडीला कोकामिडोप्रोपिल बिटेन असेल तर ते त्याला सौम्य करतं. सल्फेट-फ्री शाम्पू वाईट नसतो, पण त्यातले सौम्य पदार्थ खाऱ्या-जड पाण्यात फेसाला कमी पडतात. तुमचे 449 रुपये पाण्यानं खाल्ले. खारपाणपट्ट्यात राहून सल्फेटला घाबरायचं काम नाही, फक्त तो टाळूलाच लावा. लांबीला वाहून जाताना लागतो तेवढा पुरतो.

यादीत शेवटीशेवटी डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए दिसतं का पाहा. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. साध्या शाम्पूत चिमूटभरच असतं, चमत्कार करणार नाही, पण दोन पुड्यांपैकी एकीत असेल तर तीच घ्या.

कंडिशनरचं टेक्निकल म्हणजे सेट्रिमोनियम क्लोराइड, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड अशी नावं. यांच्यावर धन भार असतो, झिजलेल्या केसावर ऋण, म्हणून ते जिथं केस झिजला तिथंच जाऊन बसतात. तुमच्या केसांना शाम्पूपेक्षा याची गरज जास्त आहे. पैसे इथं घाला.

आता पाणी. खारटपणा आणि जडपणा या दोन वेगळ्या गोष्टी. उकळल्यानं जडपणाचा थोडा भाग खाली बसतो (तुमच्या रॉडवर चढतो तोच), मीठ मात्र तसंच राहतं. मोजून घ्यायचं असेल तर जलजीवन मिशनचं फिल्ड टेस्ट किट गावात असायला हवं, त्यासाठी प्रत्येक गावातल्या पाच बायांना शिकवायचं ठरलेलं आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 600.

केस बोअरच्या पाण्यानं धुवा, पण शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे. त्याआधीच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळा. रॉडवरचा थर लिंबानं सुटतो ना, केसावरचाही सुटतो. रोज नको, आठवड्यातून एकदा.

आईंना सांगा, जड पाण्यानं केस राठ होतात, मधेच तुटतात. मुळासकट झडणं वेगळं. शेगाव तालुक्यात तीन-चार दिवसांत टक्कल पडलं, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक नमुने न्यायला आलं, ते प्रकरण शाम्पूच्या आवाक्यातलं नव्हतं. दिवसाला पन्नास-शंभर केस जाणं नेहमीचं आहे. झुपकेच्या झुपके हातात आले किंवा चकत्या पडल्या तर डॉक्टर, आणि सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइडची तपासणी.

आजीचा नातू (अंजनगाव):

एवढी केमिस्ट्री कायले पायजे? रिठा-शिकेकाई उकळा अन् धुवा. आमच्या आजीचे केस ऐंशीतही काळे होते.

पार्लरवाली मावशी:

काळे होते ते तिच्या आईबापाकडून आले बाप्पा. रिठा चालते, खाऱ्या पाण्यातही फेस धरते, पण डोळ्यात गेला तर मायबाप आठवतात. अन् रोज तालुक्याला जाणाऱ्या पोरीनं पहाटे उठून कोण उकळत बसावं?

कोंड्याचा मारलेला (कारंजा):

मधात घुसतो. कोंडा भयंकर. आई म्हणते चामडी कोरडी पडली, तेल लाव. लावलं की अजून वाढते.

एमएस्सी केमिस्ट्री:

वाढणारच. कोंड्यामागची बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, तुम्ही तिला जेवण वाढून राहिले. मेडिकलमधून 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आणा, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. लावून पाच मिनिटं ठेवायचा, लगेच धुतला तर फक्त पैसे वाहतात. फरक पडला नाही तर त्वचेचे डॉक्टर.

ज्यांना कोंडा नाही त्यांनी खोबरेल तेल जरूर लावावं, पण धुण्याच्या आधी. 2003 च्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासलं होतं. केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. अभ्यास तेल कंपनीच्याच लोकांचा होता, पण कारण पटतं: त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ, म्हणून केसाच्या आत शिरतं.

कपाशीवाली (पाच आठवड्यांनी):

आली परत. आधी पाण्याचं सांगते.

किट आमच्या गल्लीतल्याच काकूंकडं निघालं, आलमारीवर, प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. ओसरीवर बसून केलं. नळीत नळाचं पाणी घेतलं, पूड टाकली, लालसर झालं. मग एका कुपीतून थेंब थेंब सोडायचे अन् हलवायचं, निळं होईस्तोवर. त्या किटमध्ये एका थेंबाचे लिटरला 25 मिलिग्रॅम धरायचे होते. नळाचं पाणी सातव्या थेंबाला निळं झालं. बोअरचं दहाला नाही, वीसला नाही. काकू म्हणे औषध एक्स्पायर झालं. मी म्हटलं टाका अजून. चौतिसाव्या थेंबाला जांभळं फिरून निळं झालं. 850. अन् कुपी फिरवून पाहिली तर लेबलवर काय, ईडीटीए! शाम्पूच्या मागं असते तेच. मी तिथंच हसली, काकूंना वाटलं हिला काय झालं.

मी रोज लोकांना सांगते, फवाऱ्याचं पाणी चांगलं घ्या, खाऱ्या पाण्यात औषध लागू पडत नाही. अन् स्वतःच्या डोक्यावर सात वर्षं तेच पाणी ओतून शाम्पूला शिव्या देत होती.

वर्तमानपत्राची टेस्ट केली, तेलाचा डाग पडला. केस मावशी म्हणाल्या तसे लाटदारच. आईनं पहिल्यांदा पाहिले, म्हणे, "तुझ्या आत्याचे असेच होते." हे मला 27 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

किराण्यात उभी राहून पुड्या उलट्या करून वाचल्या, दुकानदार म्हणे ताई एक्स्पायरी पाहता का. रुपयाच्या पुडीत 5 मिली, म्हणजे मिलीला वीस पैसे. त्याच कंपनीची बाटली 340 मिलीची 240 रुपयांना, मिलीला सत्तर पैसे. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू अन् केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, तरी जुन्या मालावर जुनीच एमआरपी असू शकते, तेवढी तारीख पाहून घ्या.

हिशोब असा. आठवड्यातून दोनदा धुते, दर वेळी दोन पुड्या, महिन्याचे 16 रुपये. कंडिशनरची बाटली 130 ची, दोन महिने पुरते, म्हणजे 65. खोबरेल साधारण 40. लिंबू अन् जवस घरचे. झाले 121. उरलेल्यातून मोठ्या दातांचा कंगवा घेतला. केस ओले अन् कंडिशनर लावलेले असतानाच विंचरते, कोरडे विंचरणं बंद. टॉवेलऐवजी बाबांचं जुनं बनियन.

कुटार पूर्ण गेलं नाही. नळ आला नाही त्या आठवड्यात शेवटचे दोन तांबे मिळत नाहीत अन् लगेच फरक दिसते. पण पोऱ्यानं वाऱ्याचं विचारणं सोडलं आहे.

एकच घोळ. जवसाचं पाणी गाळून ग्लासात फ्रीजमध्ये ठेवलं होतं. भाऊ शेतातून आला अन् सब्जाचं सरबत समजून गटागटा पिऊन गेला. वर म्हणते, साखर टाकायची विसरली का व?

पार्लरवाली मावशी:

पिऊ दे, जवसच आहे. पण पुढच्या वेळी डब्यात ठेव अन् आठवड्याच्या वर ठेवू नको, वास मारते.