मिलानमधल्या लेकीबद्दल आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

१० मार्च २०२०, मंगळवार

बी-३०२: पुण्यात काल करोनाचे दोन पेशंट सापडले, दोघेही दुबईहून आलेले. नायडू हॉस्पिटलात ठेवलंय म्हणे. ए-४०१ची लेक इटलीत शिकते ना? ती परत येणार असेल तर कमिटीने आधी काहीतरी ठरवावं. वाईट वाटून घेऊ नका वहिनी, पण आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, दम्याचा त्रास आहे.

सी-१०४: हो, विचार व्हायला हवा. तिकडे इटलीत आजपासून अख्खा देश बंद केलाय.

ए-४०१: विषय निघालाच आहे तर मीच सविस्तर लिहिते. जिन्यात कुजबुज होण्यापेक्षा ते बरं.

मनू सप्टेंबरपासून मिलानला आहे. तिच्या इथल्या आर्किटेक्चर कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार आहे. फी इथेच भरायची, वर्षभर तिथे शिकायचं आणि तिथले क्रेडिट इथल्या मार्कशीटमध्ये धरायचे. पहिलं सत्र छान झालं, जानेवारी-फेब्रुवारीत तिने परीक्षाही दिल्या. दुसरं सत्र सुरू होतंय न होतंय तोच, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लोम्बार्दीतली, म्हणजे मिलानच्या प्रांतातली सगळी विद्यापीठं बंद झाली. ८ तारखेला तो प्रांत बंद केला आणि काल रात्री पंतप्रधान कोंते यांनी टीव्हीवर येऊन सगळा देश बंद केल्याचं सांगितलं.

ती ठणठणीत आहे. एका फ्लॅटमध्ये तिघीजणी राहतात, एक तुर्कस्तानची, एक स्पेनची. बाहेर पडायचं तर छापील फॉर्मवर नाव, पत्ता आणि कशासाठी बाहेर पडलो ते लिहून, सही करून जवळ ठेवायचा. पोलिसांनी अडवलं की तो दाखवायचा. काम, किराणा, औषधं अशी गरजेचीच कारणं चालतात. दुकानाबाहेर एकेक मीटर सोडून रांग लावायची आणि आतला एक बाहेर आला की पुढच्याला आत सोडतात. काल तिला पाऊण तास लागला. तांदूळ, मसूर, टोमॅटो, दही सगळं मिळालं.

आता येण्याचं. आजपासून आपल्या सरकारचा नियम आहे की इटलीहून येणाऱ्याकडे करोना नसल्याचं तिथल्या सरकारमान्य लॅबचं सर्टिफिकेट हवं. पण तिथे लक्षणं असलेल्यांच्याच तपासण्या करताना लॅबवाले मेटाकुटीला आलेत. धडधाकट मुलीला सर्टिफिकेट देणार कोण? काही मुलं तिकीट काढून विमानतळावर गेली आणि तिथेच अडकून पडलीत. त्यामुळे ती उद्या दारात येऊन उभी राहील अशी भीती कोणी बाळगू नये. यावं तर कसं, हेच आम्हाला कळत नाहीये.

बी-३०२: एवढं माहीत नव्हतं वहिनी. पोरीची काळजी घ्या.

डी-२०१ डॉक्टर: दोन गोष्टी सांगतो. आजची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे माणूस मोकळा झाला असं नाही, लागण झाल्यापासून १४ दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणं दिसू शकतात. म्हणून सर्टिफिकेटपेक्षा १४ दिवस वेगळं राहणं महत्त्वाचं. आणि ए-४०१, तिचा आरोग्य विमा कोणता आहे?

ए-४०१: नुसता प्रवास विमा नाही डॉक्टर. वर्षाचे साधारण १५० युरो भरून तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत नाव घातलंय. गेल्यावर तिच्या प्रोफेसरांनीच आग्रहाने करायला लावलं होतं. तिच्या नावावर एक फॅमिली डॉक्टर आहेत, ते फोन उचलतात.

डी-२०१ डॉक्टर: हे फार बरं झालं. तिला सांगा, ताप आला तर दवाखान्यात धावत जायचं नाही. आधी त्या डॉक्टरांना फोन, नाहीतर १५००, हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा नंबर आहे. श्वास लागला तर ११२.

१२ मार्च, गुरुवार

सी-५०३: जागतिक आरोग्य संघटनेने काल याला महासाथ म्हटलं. वहिनी, माझं ऐका, मिळेल त्या मार्गाने मुलीला आणा. परक्या देशात हॉस्पिटलात खाट मिळाली नाही तर आपलं कोण आहे तिथे?

ए-४०१: दोन रात्री आम्ही दोघं हाच विचार करतोय. तिचे बाबा तर तिकिटं बघून बसलेत, दोहामार्गे, मॉस्कोमार्गे. पण मधल्या विमानतळावर अडकली तर तिथे ना घर, ना डॉक्टर, ना ओळखीचं कोणी. आज तिने मिलानच्या आपल्या वकिलातीत नाव नोंदवलं. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी संसदेत सांगितलंय की भारतातून डॉक्टरांचं पथक इटलीला पाठवतायत, ते तिथेच मुलांच्या तपासण्या करतील.

ए-१०२: आणि अभ्यासाचं काय? इथलं कॉलेज काय म्हणतंय?

ए-४०१: कॉलेजचा मेल आला, दोन दिवसांत कळवा, राहणार की करार सोडून परत येणार. करार सोडला तर तिथलं दुसरं सत्र गेलं. इथलं सत्र अर्ध्यावर आलंय, त्यात तिला बसवता येणार नाही. म्हणजे वर्ष वाया. मला राग त्या दोन दिवसांच्या मुदतीचा आला. एकवीस वर्षांची मुलगी खिडकीत बसून दिवसभर ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकतेय, तिच्याकडून परवापर्यंत होय की नाही एवढंच हवंय! तिथलं विद्यापीठ मात्र सगळे तास ऑनलाइन घेतंय. डिझाइन स्टुडिओसुद्धा. मुलं घरी पुठ्ठ्याची मॉडेल करतात, कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवतात आणि प्रोफेसर त्यावर बोलतात. त्यांनी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला स्वतः फोन करून जेवणाखाण्याची चौकशी केली.

ए-१०२: मी तीस वर्षं शिकवलंय. दोन दिवसांची मुदत कॉलेजला मागे घ्यायला लावा. बाकीच्या पालकांच्या सह्या घेऊन एकत्र पत्र द्या, एकेकट्याच्या मेलला कोणी विचारत नाही. मसुदा मी आज रात्री करून देते.

सी-१०४: काकू, माझ्या भाच्याचं हेच चाललंय, तोही एक्स्चेंजवर आहे, फ्रान्समध्ये. त्याच्या बाबांचा नंबर देतो, तेही सही करतील.

१५ मार्च, रविवार

बी-३०२: बातमी पाहिली का? मिलानहून एअर इंडियाचं विमान दिल्लीत उतरलं, २१८ जण आले, त्यात २११ विद्यार्थी. तिथेच छावला इथे आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या केंद्रात वेगळं ठेवणार आहेत. मनू आहे का त्यात?

ए-४०१: नाही. ती तिथेच राहतेय.

हा निर्णय तिचा आहे आणि आम्ही तो मान्य केला. शुक्रवारी रात्री आम्ही तिच्याशी दीड तास बोललो. तिचं म्हणणं असं: मी घरात बंद आहे, म्हणजे सुरक्षित आहे. विमानतळ, विमान, मग मोठ्या हॉलमध्ये शेजारी शेजारी खाटा, यात लागण व्हायची शक्यता जास्त. ज्यांची घरं सुटलीत किंवा जे एकटे पडलेत त्यांना आधी जागा मिळू दे. माझ्याकडे घर आहे, डॉक्टर आहेत, मैत्रिणी आहेत, वर्ग चालू आहे. आणि आई, तुझ्याकडे आजी आहे.

त्या शेवटच्या वाक्यावर मला काही बोलताच आलं नाही.

पत्राचा उपयोग झाला. कॉलेजने मुदत महिनाभर वाढवली आणि तिथले ऑनलाइन तास इथे धरले जातील असं लेखी दिलं. ए-१०२ काकू, तुमचे आभार कसे मानू!

डी-२०१ डॉक्टर: तिने शांतपणे विचार केलाय. विमानाने आलेल्या मुलांचंही चुकलं असं कोणी म्हणू नये. ज्याच्या त्याच्या घराची, पैशांची, तब्येतीची परिस्थिती वेगळी असते.

सी-५०३: मी आणा म्हणत होतो खरा, पण पोरीने आजीचा विचार केला, पुढे बोलायला जागाच नाही. आता आमचं सांगतो. मुलगा म्युनिकहून उद्या रात्री मुंबईत उतरतोय. त्याचं वसतिगृह अर्धं रिकामं झालंय, खानावळ बंद आहे, खोलीत चूल नाही. राहणं शक्यच नव्हतं. लक्षणं काही नाहीत. पण लिफ्ट, जिना, कचरा, हे कसं करायचं ते सांगा. कोणाला त्रास नको.

बी-३०२: मी स्पष्ट बोलते दादा. भीती वाटते. पण मुलाला दाराबाहेर ठेवा असं मी म्हणणार नाही. डॉक्टर, काय करायचं तेवढं नीट लिहून द्या.

डी-२०१ डॉक्टर: विमानतळावर तपासणी करून घरी सोडलं तर १४ दिवस एका खोलीत, बाथरूम वेगळं. त्याने लिफ्ट वापरायची ती फक्त येताना एकदा. त्यानंतर लगेच बटणं आणि हँडल ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्या. कचरा दुहेरी पिशवीत बांधायचा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून मला कळवायचा. बी-३०२, तुमच्या सासूबाईंनी १४ दिवस देवळात आणि बाकावर बसायला जाऊ नये. ते या मुलामुळे नाही, एकूणच.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगून ठेवतो. मुलाची टॅक्सी मागच्या गेटने थेट सी विंगला येऊ दे, गर्दी नको. महापालिकेला त्याच्या येण्याची माहिती सी-५०३नेच उद्या सकाळी द्यावी. आणि एक विनंती, मुलाचे फोटो कोणी काढू नयेत, दुसऱ्या ग्रुपवर टाकू नयेत.

सी-५०३: मनापासून आभार. आमच्या घरात मीही शुगरचा पेशंट आहे, म्हणून मी आणि मिसेस त्या १४ दिवसांसाठी भावाकडे जातोय. मुलगा एकटाच घरात राहील. त्याच्या जेवणाचं बघतोच आहे.

ए-४०१: ते बघू नका. सकाळचा डबा माझ्याकडून. दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून बेल वाजवेन, मी खाली उतरले की त्याने घ्यावा. स्टीलचा डबा नको, परत करायची भानगड नको.

ए-१०२: संध्याकाळचा माझा. त्याला तिखट चालतं ना?

बी-३०२: शनिवार-रविवार मी देईन. भाकरी खातो का ते विचारून ठेवा, आणि ए-४०१ वहिनी, मनूला सांगा, फोन करावासा वाटला तर सासूबाई दुपारी दोननंतर मोकळ्या असतात. तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ होतात, मी मोजून ठेवलंय.