मदत हवी आहे: गारठ्यात जुना ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही, पेंढा हलवायचा अडलाय

राम राम मंडळी. निफाड तालुका. जुन्या वस्तीवरच्या गोठ्यात इगतपुरीकडून आणलेला भाताचा पेंढा रचलाय, तो अडीच किलोमीटरवरच्या नव्या शेडात न्यायचाय. जुने पत्रे गळतात आणि अवकाळीचा भरवसा नाही. सात-आठ ट्रॉल्या होतील, दोनच झाल्यात.

छोटा ट्रॅक्टर द्राक्षबागेत ब्लोअरला जुंपलेला, त्याला हात लावायची सोय नाही. राहिला आण्णांचा १९९४ सालचा, ३५ एचपी, तीन सिलिंडर. दुपारी अर्ध्या सेल्फला सुरू होतो. पण पारा सहा-सातवर आला की सकाळी दोन जड फेरे, सायलेन्सरमधून भसाभसा पांढरा धूर आणि मग नुसतं टक्. मजूर सातला येतात, अकराला दुसऱ्याच्या बागेत जातात. संध्याकाळी करावं तर उसाच्या कडेला बिबट्याचे ताजे ठसे दिसलेत, अंधार पडला की कोणी थांबत नाही.

डिझेल फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीतली हवा दोनदा काढली. बॅटरी तीन वर्षांची, चार्ज केल्यावर मीटर १२.५ व्होल्ट दाखवतो. ऑईल २०डब्ल्यू-४०.

आण्णांचा उपाय म्हणजे डिझेलात बुडवलेला काकडा पेटवून हवेच्या नळीपाशी धरायचा. ट्रॅक्टर सुरू होतो, खोटं नाही. पण काल भरलेली ट्रॉली सात पावलांवर उभी होती. वाऱ्याने चार काड्या उडून काकड्याखाली आल्या आणि पेटल्या. चपलेने विझवल्या. तेव्हापासून धडकी भरलीय. आधी काय तपासू? पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील का?

प्रतिसाद १
आधी काकडा बंद. आणि दुकानातला स्टार्टिंग स्प्रेही नको, इंजिनात जाणारी हवा तापवणारा हिटर गरम असताना तो मारला तर मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे हवेच्या नळीतच, भडका होतो.
पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. हवा काढत बसू नका. उभ्या बॅटरीचा आकडा बघून काही कळत नाही भाऊ. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हा बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी संपली. वर राहून इंजिन जडच असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं की अर्थिंग खराब. रिंगांचं नंतर बघू, आधीच पंचवीस हजारांचं काम काढू नका.

प्रतिसाद २
भरलेली ट्रॉली रात्री उघडी ठेवू नका. दवाने भिजलेला पेंढा रचला की आतून तापतो, कधी कधी पेटही घेतो. आणि वस्तीवरच्या लोंबत्या तारा बघून भरा. उतारावरून ढकलून सुरू करायचं सुचवणार होतो, पण मागे ट्रॉली असेल तर अजिबात नको.

धागाकर्ता
सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८, पण मायनस ते ब्लॉक १.४ निघाले! अर्थिंगची वायर कोणीतरी रंगावरच कसलेली. खाली हिरवं बुरसं. पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसली. आज सव्वासातला चौथ्या फेऱ्यात सुरू, तिसरी ट्रॉली गेली. हिटरची वायर उद्या बघतो. आण्णा काकडा हातात घेऊन उभेच होते.