स्केल वन (बँकेतल्या ऑफिसरची पहिली पायरी) नको म्हणतोय. चुकतंय का?

मिरजकर: सरकारी बँकेत क्लार्क आहे. (२०२४च्या करारापासून आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट', पण काउंटरपलीकडून हाक येते ती 'ओ कॅशियर' अशीच.) १३ वर्षं झाली, सध्या हेड कॅशियर. यंदा ऑफिसरची परीक्षा पास झालो आणि आता नको म्हणायचं मनात आहे. क्लार्कची भरती राज्यापुरती, ऑफिसरची बदली देशभर. कॅश जुळली की मी साडेसहाला घरी. आमचे ऑफिसर साहेब आठला कुलूप लावतात आणि रविवारी लोन रिकव्हरीला गावोगाव हिंडतात. ओव्हरटाइम आम्हाला मिळतो, त्यांना नाही. तरी घरीदारी सगळ्यांचा एकच सूर: 'आयुष्यभर नोटाच मोजणार का?'

खडूस_काका: मग परीक्षेला बसलात कशाला? एक जागा अडवलीत.

मिरजकर: सासऱ्यांची भुणभुण. आणि खरं सांगू, पास होईन असं वाटलं नव्हतं.

निवृत्त_स्केल_फोर: अरे, भावनेवर जाऊ नकोस, हिशोब कर. आमची पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगारावर बसली, त्यामुळे एकेक प्रमोशन आज दर महिन्याला हातात पडतंय. तू २०१० नंतर लागलेला, म्हणजे एनपीएसवाला (वर्गणी साठवून मिळणाऱ्या नव्या पेन्शनचा). तिथेही वर्गणी पगाराच्या टक्क्यांतच कापतात. पगार थांबला की म्हातारपणही थांबलं. मी बिहारात तीन वर्षं काढली. लिट्टी-चोखा आवडायला लागला, मेलो नाही.

कोडमजूर: काका, तुमच्यामागे काकू घर सांभाळत होत्या, ते हिशोबात धरलंत का? आमच्या आयटीत तर नाही म्हणायची सोयच नाही. मी बरा कोड लिहायचो म्हणून मला मॅनेजर केलं. आता दिवसभर एक्सेल आणि अप्रेझलची रडारड. टीमचा चांगला प्रोग्रॅमर गेला, वाईट मॅनेजर आला, दोन्ही मीच.

ओडिशातून_ताई: इथे समाधानाचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहिते. आमच्या बॅचला सात बायका पास झाल्या, पाच जणींनी नकार दिला. एकीचंही मन क्लार्कीत रमलेलं नव्हतं. नवऱ्याची नोकरी, मुलाची दहावी, सासूबाईंचे गुडघे. मी मुलीला आईकडे ठेवून आले, त्याबद्दल आजही ऐकून घेते. पण कर्जाच्या फाइलवर माझी सही चालते, आणि ते मला आवडतं. मिरजकर, तुम्हाला जबाबदारीच नको असेल तर तसं स्पष्ट म्हणा. बदलीच्या आड लपू नका.

मिरजकर: ताई, लागलं. रोज कॅशची एक किल्ली माझ्याकडे असते, नोट कमी आली तर खिशातून भरतो. जबाबदारीला भीत नाही. पण कोणाला कर्ज द्यायचं हे ठरवायला भीतो, हे खरं आहे. ते बुडालं की पुढे चौकशी. घरी मात्र बदलीचंच कारण सांगत आलोय.

खडूस_काका: म्हणजे बायकोलाही माहीत नाही? आधी तिच्याशी बोला, मग आम्हाला विचारा.

निवृत्त_स्केल_फोर: आणि नकारच द्यायचा असेल तर लेखी दे, पोच घे. तुमच्याकडे पुढची किती वर्षं परीक्षेला बसू देत नाहीत, तेही सर्क्युलरमध्ये बघून घे. युनियनवाल्याच्या तोंडी शब्दावर राहू नकोस.