हेलिओस ४४-२ : मागची पानं गरगरत का नाहीत?

कोवळं_ऊन
जुनी सोव्हिएत लेन्स हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), तिचे एम४२ आटे सोनीच्या ई माउंटला जोडणारा साधा अ‍ॅडॉप्टर, बॉडी एपीएस-सी (लहान सेन्सरची). एफ/२ लाही, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असतानाही, मागची पानं नुसतीच धूसर होतात, या लेन्सची ती प्रसिद्ध गिरकी (मागचं सगळं केंद्राभोवती गरगरल्यासारखं दिसणं) येत नाही. ऊन समोर असलं की फोटो दुधाळ. छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर तेलही दिसतंय. लेन्समध्ये खोट आहे का?

तिरपा_कोपरा
खोट नाही, सेन्सर लहान पडतोय. रचना त्साइस कंपनीच्या बायोटार लेन्सची, ४ गटांत ६ काचा. कडेचा प्रकाश नळीतच थोडा कापला जातो, म्हणून मधे गोल असणारा धूसर उजेडाचा ठिपका कोपऱ्याकडे मांजराच्या डोळ्यासारखा चपटा होतो. असे ठिपके केंद्राभोवती वळून बसले की गिरकी दिसते. अ‍ॅस्टिग्मॅटिझम (कडेचा ठिपका एका दिशेला ताणणारा काचेचा दोष) त्यात भर घालतो. एपीएस-सी नेमक्या त्याच कडा छाटतं.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा नसेल तर ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (लेन्सचं चित्र आक्रसून लहान सेन्सरवर बसवणारा, काच असलेला अ‍ॅडॉप्टर) लावा, कडा बऱ्याचशा परत येतात. (स्वस्तातला घेतलात तर कोपऱ्यांतला दोष हेलिओसचा की त्याचा, हे कळायचं नाही.)

माणूस दीड-दोन मीटरवर, झाड त्याच्या मागे ५ ते १० मीटरवर, पानांतून उजेड झिरपणारा. कोरी भिंत गरगरत नाही. छिद्र एफ/४ पर्यंत मिटवलं की खेळ खलास. आणि हो, ही प्रीसेट लेन्स आहे: एका रिंगवर छिद्र कुठवर मिटायचं ती मर्यादा ठरते, दुसरीनं पाती उघडतात-मिटतात. पहिली एफ/२ च्या पुढच्या आकड्यावर असून दुसरी मिटलेली राहिली नाही ना, समोरून डोकावून बघा.

ग्रीस_आणि_काच
पात्यांवरच्या तेलाला घाबरू नका. इथे पाती स्प्रिंग नव्हे, हात हलवतो, त्यामुळे अडकून एक्स्पोजर चुकण्याचा प्रश्न नाही. मात्र त्याच तेलाचा अंश आतल्या काचेवर बसला तर फोटो दुधाळ होतो. पाती उघडी ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. सगळीकडे एकसारखं धुकं असेल तर ते तेल, पुसून जातं. कोळिष्टकासारख्या रेषा असतील तर बुरशी. तिनं काचेवरचं कोटिंग (चकाकी कमी करणारा पातळ थर) खाल्लं असेल तर डाग राहणारच. पावसाळ्यात लेन्स ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय बॉक्समध्येच ठेवा.

काच स्वच्छ निघाली तर दोष जुन्या कोटिंगचा, त्यावर उपाय ४९ मिमीचा हूड (लेन्सपुढे लावायची सावली). अ‍ॅडॉप्टर आतून चकचकीत असेल तर काळा मखमली कागद चिकटवा, फरक लगेच दिसतो.

फोकस जड आहे म्हणून हेलिकॉइड (फोकससाठी लेन्स पुढे-मागे करणारे आटे) उघडणार असाल तर आटे सुटतात ती जागा आधी सुईनं कोरून ठेवा. एक आटा चुकला की इन्फिनिटी (दूरवरचा फोकस) गेली.

कोवळं_ऊन
टॉर्चखाली धुकंच आहे, रेषा नाहीत. रिड्यूसर लावल्यावर कॅमेऱ्याच्या स्टेबिलायझेशनमध्ये (हात हलल्याची भरपाई) फोकल लांबी ५८ च भरायची का?

तिरपा_कोपरा
नाही, ४१ (५८ × ०.७१). साध्या अ‍ॅडॉप्टरवर ५८.